डावा पट्टा जिथं हलला होता

बसा की पावणं. ती खुर्ची नको, तिचा पाय मोडलाय, ही घ्या. आणि आधीच सांगून ठेवतो, मी बाई असून जातो-येतो म्हणतो, तुम्ही पुण्याकडचं दिसताय, हसू नका, आमच्या शिवाजी पेठेत बायका असंच बोलत्यात. लिहिताना ते सरळ करू नका म्हंजे झालं. लोकांनी माझं लई काय काय सरळ करून ठेवलंय, बोलणं तरी वाकडं ऱ्हाऊ दे.

माझं नाव शालन. जन्म पेठेतलाच. वडील टर्नर, उद्यमनगरात एका कारखान्यात लेथवर उभं असायचं. कोल्हापुरात तवा रेसचं लई याड हुतं, मोटारसायकली म्हणू नका, गाड्या म्हणू नका, मोकळं मैदान गावलं की पळवायच्या आणि इंजिन फुटलं की वडलांच्याकडं घिऊन यायचं. मी डबा घिऊन जायचो आणि डबा दिऊन झाला तरी हलायचो न्हाय, त्या गाड्यांच्या भवती फिरत बसायचो. एकदा एका रेसवाल्यानं मला उचलून शीटवर बसवलं, तर वडलांनी लेथ बंद केला आणि माझ्या दंडाला धरून खाली उतरवलं, म्हणलं हे आपलं न्हवं. आता आपलं न्हवं म्हंजे गरिबाचं न्हवं का पोरीचं न्हवं, ते काय सांगितलं न्हाय. मी बी इचारलं न्हाय. पण त्या शीटचा वास माझ्या नाकात बसला त्यो बसलाच.

लगीन झालं ते बी लेथवाल्याशीच. आमच्या मालकांचं हे शॉप, तवा पत्र्याचं हुतं, आता वर स्लॅब हाय एवढाच फरक. पोरगं शाळेत हुतं, सागर त्येचं नाव, आणि मालक एका दुपारी जेवता जेवता गेलं. छातीत कळ आली आणि गेलं, घास हातात. तेरावं झालं तसं दीर आलं, म्हणलं वहिनी, शॉप विकून टाकू, बाईमाणसाचं काम न्हाय हे. मी म्हणलं भाऊजी, च्या घ्या आणि निघा. दुसऱ्या दिवशी मालकांचा खाकी शर्ट साडीवर घातला आणि लेथवर उभी ऱ्हायलो. आमचं मिस्त्री, दत्तूमामा, त्येंनी पंधरवडाभर माझ्याकडं बघितलं बी न्हाय, मग एक दिवस न बोलता टूल धार लावून माझ्या पुढ्यात ठेवलं. तवापास्नं त्यो माणूस माझ्याकडंच हाय. हात बघा माझं, हे असं हात पेठेतल्या दुसऱ्या बाईचं न्हाईत.

तर आमच्याकडं मागाचं सामान बनतं, पॉवरलूमचं. बुश, गिअर, असलं. म्हणून मागांच्या गावाला, कबनूरला, जायला लागायचं. तिथं एक गिऱ्हाईक, बसगोंडा अण्णा. तिकडं सीमेकडची माणसं, अर्धं कानडी अर्धं मराठी, मला अक्का म्हणायचं. एकदा त्येंच्याकडं गेलतो, सगळं माग चालू, खडाखडा आवाज, एकमेकाचं बोलणं ऐकू येत न्हाय, आणि मागच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली कायतरी झाकलेलं. ताडपत्रीवर कापसाचं तूस एवढं की घोंगडंच वाटावं. म्हणलं अण्णा, तिथं काय हाय? त्येंनी माझ्याकडं बघितलं आणि काय मनात आलं कुणास ठाऊक, ताडपत्री वढली.

काय सांगू तुम्हाला. बारकी गाडी, दोन दाराची, पांढरी, आणि बॉनेटवरनं टपावरनं पार डिकीपतोर दोन निळं पट्टं. दारावर गोल आणि त्यात रेसचा नंबर. आत स्टेअरिंगच्या बाजूला पत्र्याची पट्टी, तिच्यावर गाडीचा आकडा ठोकलेला, चौतीस. चौतीस का, तर त्या कंपनीच्या गाडीनं कुठली तरी मोठी रॅली मारली, त्या खुशीत कंपनीनं रॅलीच्या गाडीसारख्याच थोड्या गाड्या काढल्या, एखाद्या तालमीत जेवढी पोरं असत्यात तेवढ्याच, आणि मग बंद. पुन्हा न्हाईच काढल्या. त्यातली ही चौतिसावी. अण्णांच्या धाकट्या भावानं घेतलेली, मल्लाप्पानं. त्येला रेसचा नाद. कावीळ झाली आणि ऐन तारुण्यात गेला. अण्णांनी गाडी आत घेतली आणि ताडपत्री घातली.

मी काय केलं, बॉनेटवरनं हात फिरवला. पट्टं हातानं वढलेलं, ब्रशनं, कारखान्यातल्या रंगाऱ्यानं, कडंला रंग जरा जाड लागतो बोटाला. आणि डावा पट्टा एका जागी हललाय. काचंजवळ. जरासाच, पण हललाय. मी म्हणलं अण्णा, हितं ह्या माणसाचा हात हलला बघा, कुणीतरी हाक मारली असणार त्येला. अण्णांनी बी तिथं बोट टेकवलं. मग म्हणलं, मल्ल्या बी ह्येच म्हणायचा, म्हणायचा की रंगाऱ्याला त्येच्या आईनं जेवायला बोलावलं असणार.

विकायची न्हाय म्हणून मागायला आलेल्या सगळ्यांना परत पाठवलं, ती गाडी त्येंनी मला दिली. वर स्लॅब टाकायचा इचार हुता, त्यो पुढं ढकलला आणि गाडी घेतली. सगळ्या पै-पावण्यांनी तोंडात बोटं घातली, ह्या बाईचं डोकं फिरलं म्हणलं. अण्णांनी एकच सांगितलं, अक्का, इंजिन बदला, चाकं बदला, रंगाला हात लावायचा न्हाय. ओरखडा पडला तर पडू दे. मी म्हणलं अण्णा, माझा शब्द. आणि मग दर दसऱ्याला अण्णा सोनं द्यायला कोल्हापूरला यायचं. आल्या आल्या आधी गाडीकडं जायचं, पट्टा हलला तिथं बोट ठेवायचं, आणि मग च्या. कधी चुकवलं न्हाय.

मी ती गाडी चालवतो. ठेवायला न्हाय घेतली. राधानगरीच्या रस्त्याला घातली की धरणापतोर माझं मलाच भान नसतं. आणि लोकं काय इचारत्यात? पेट्रोल पंपावर, पोराची व्हय गाडी? देवळासमोर, मालकांची आठवण ठेवलीय व्हय? अरे मालकांनी जन्मात बघितली न्हाय ही गाडी! असल्या गाड्या ज्यांच्याकडं हायत त्यांचा एक मेळावा असतो पुण्यात, तिथं पहिल्यांदा गेलो, उतरलो, किल्ली माझ्या हातात, तर एक गृहस्थ मला म्हणतोय, साहेब मागनं येतायत का? म्हणलं साहेब वर गेल्यात, कधीच, बोलवू का? पण एक सांगतो, त्या लोकांनी गाडी बघितली तसं सगळी गोळा झाली, कारण बाकीच्यांच्या गाड्या कधी ना कधी पुन्हा रंगवलेल्या, आणि ही जशी कारखान्यातनं निघाली तशी. पांढरा जरा पिवळसर पडलेला, निळा उन्हानं फिकटलेला. एक म्हातारा पार गुडघं टेकून बघत हुता. मला तवा, खरं सांगतो, वडलांची आठवण आली. हे आपलं न्हवं म्हणलं हुतं न्हवं? आता बघा म्हणलं कुणाचं हाय.

आता गेल्या साली काय झालं ते ऐका. आणि मधी थांबवू नका, एकदा थांबलो की पुन्हा सांगवत न्हाय.

माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. लेथवर उभं ऱ्हाऊन ऱ्हाऊन गुडघा गेलता. दवाखान्यात पडून हुतो आणि हिकडं नवरात्र बसलं. आमच्या शॉपमधी खंडेनवमी म्हंजे दिवाळीपरास मोठा सण. मशिनं डिझेलनं पुसायची, हिरव्या रंगाचा नवा हात मारायचा, झेंडूच्या माळा, नारळ, हत्यारं सगळी पाटावर. मशीन मळकं ठेवून पुजायचं न्हाय, ही मालकांच्यापास्नंची रीत, आणि मीच सागरला शिकवलीय ती. त्यो म्हणाला आई, नवमीला तुला डिस्चार्ज घेतो, थेट शॉपवर पूजेला नेतो, एक गंमत हाय. मला वाटलं नवं ड्रिल मशीन घेतलं असंल.

आणलं मला. काठी टेकत आत आलो. मशिनं हिरवीगार, उदबत्त्या, पोरं सगळी नवी कापडं घालून उभी, दत्तूमामा टोपी घालून. सागर म्हणाला डोळं मीट. मिटलं. मागचं, गाडीकडचं शटर वर गेल्याचा आवाज आला. म्हणाला उघड.

पांढरीफेक. ट्यूबलाईट दिसाय लागली त्या बॉनेटात एवढी चकचकीत. पट्टं निळं, पण ते चिकटवलेलं, पट्टी लावून वढल्यागत सरळ, दोन्ही सारखं, कुठं हलणं न्हाय का काय न्हाय. दारावरचा गोल बी स्टिकरचा. बॉनेटवर हार, चाकाखाली लिंबू, आणि मागच्या काचंवर, काय सांगू तुम्हाला, मागच्या काचंवर ठळक अक्षरात आईचा आशीर्वाद. आईचा आशीर्वाद लिहिलंय, आईला इचारलं कुणी?

सगळी माझ्या तोंडाकडं बघत हुती, आता आई हसंल, आता आई डोळं पुसंल. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मी एवढंच म्हणलं, कुणाला इचारून?

सागरला कळलंच न्हाय. अगं आई, म्हणाला, सगळी मशिनं रंगवली, मग गाडी तेवढी मळकी ठेवायची व्हय नवमीला? चांगल्या रंगाऱ्याकडनं केलीय, पार पत्र्यापतोर घासून घेतली, नवी कोरी केली की. आणि वर म्हणतोय, आपलीच हाय की.

आपलीच! ह्या एका शब्दानं माझा जलम खाल्लाय, पावणं. शॉप चालवलं मी, पण शॉप कुणाचं तर आपलं. स्लॅब टाकला मी, घर आपलं. भाजीभाकरीपास्नं बँकेपतोर सगळं आपलं, आणि मी कधी तोंडातनं ब्र काढला न्हाय, असावंच आपलं, पोरगा हाय, सून हाय, कुणासाठी करतो मी? पण एक वस्तू, सगळ्या जलमात एक वस्तू माझी हुती. तिच्यावर मी शब्द दिलता. तिला कुणी हात लावू नये म्हणून मी धुवायला बी कुणाला दिली न्हाय. आणि ही आंधळी माया करणारी माणसं, मी दवाखान्यात लंगडी पडलेली बघून, घासून आली तिला पत्र्यापतोर.

दत्तूमामा म्हणलं, वहिनी, सणाचं नका, पोरानं हौसेनं केलंय. म्हणलं मामा, तुमाला अण्णांचा शब्द म्हाईत हुता, तुमी का न्हाय थांबवलं? तर म्हणत्यात, मला वाटलं खराब हुईल म्हणून नको म्हणलं असंल, ही तर चांगलीच झालीया की. आता ह्या माणसाला काय म्हणायचं? मी आरतीला उभी ऱ्हायलो न्हाय. नारळ बी फोडला न्हाय. बाहेर रस्त्यावर पायरीवर जाऊन बसलो, टाकं ओलं असताना. आत आरती चालली आणि शेजारच्या शॉपमधली माणसं मला येऊन शानपण शिकवत्यात, वहिनी, नशीब काढलंय, असला पोरगा कुणाला मिळतो. घ्या म्हणलं तुमाला, न्या घरी.

आणि मग माझ्या ध्यानात आलं, उद्या दसरा. अण्णा येणार.

सागर मागनं आला, आता चेहरा पडलेला त्येचा, रडकुंडीला आलता. म्हणाला आई, चुकलं असंल, पण अण्णांचं मनाला लावून घिऊ नको, त्येंना आता कुठं दिसतंय, मोतीबिंदू पिकून दोन्ही डोळं गेल्यात, तू बोलली न्हाईस तर त्येंना कळणार बी न्हाय. हात उचलला न्हाय मी त्येच्यावर, तेवढंच. एवढा बाप्या झालेला पोरगा, हात उचलता येत न्हाय म्हणून ऱ्हायला. म्हणलं घरला जा, माझ्या नजरंसमोर थांबू नको.

मी ठरवलं हुतं, अण्णा रिक्षातनं उतरलं की आधी बसवायचं, पाणी द्यायचं आणि सांगायचं. पण त्यो माणूस कधी बसलाय का आधी? रिक्षावाल्यानं हाताला धरून दारापतोर आणलं, आणि आत आल्यावर हात सोडवून घेतला त्येंनी, वाट पायाला म्हाईत, सरळ गाडीकडं. मी अण्णा अण्णा करत काठी टेकत मागनं. तवर हात बॉनेटवर गेलता. बोट काचंजवळ गेलं. वर गेलं, खाली आलं. थांबलं. मग दुसऱ्या बाजूला गेलं, तिकडनं परत. मग पुरा तळवा ठेवला. आणि माझ्याकडं तोंड करून, मी कुठं उभी हाय त्येचा अंदाज घिऊन, अण्णा म्हणलं, अक्का, ही कुणाची गाडी लावलीय हितं? आपली कुठं हाय?

त्येंच्या तोंडचं आपली मात्र मला टोचलं न्हाय. ती त्येंची बी हुतीच.

सांगितलं मी. काय शब्द वापरलं ते मला आठवत न्हाय. सागर खांबाला टेकून उभा, त्येनं मधीच सुरू केलं, अण्णा, नवी कोरी दिसत्या, मी म्हणलं गप. अण्णांनी खिशातनं आपट्याची पानं काढली, माझ्या हातावर ठेवली, सागरच्या बी हातावर ठेवली, डोक्यावर हात ठेवला त्येच्या. राग न्हाय, शिवी न्हाय. च्या घेतला न्हाय. रिक्षात बसताना एवढंच म्हणलं, विकली असती तरी चाललं असतं, अक्का.

हे ऐकलं आणि मला वाटलं ते ऑपरेशन गुडघ्याचं करण्यापरास मानंचं केलं असतं तर बरं हुतं.

पुढं काय. सागरनं मग लई नाकदुऱ्या काढल्या, आई, जुना फोटो बघून पट्टं पुन्हा ब्रशनं काढून घेऊ, तिथं मुद्दाम हलवून काढायला सांगू. मुद्दाम! आईनं जेवायला हाक मारल्यावर हात हलतो, पावणं, मुद्दाम कसा हलंल? मी काचंवरचा आशीर्वाद ब्लेडनं खरवडला, पट्ट्याचं स्टिकर सोललं, खाली बघितलं, नुसता नवा पांढरा रंग, त्येच्याखाली नागडा पत्रा. मुडदा बशिवला त्या रंगाऱ्याचा, काम चोख केलतं. आता बिनपट्ट्याचीच चालवतो मी ती. पुण्याच्या मेळाव्याला गेलो न्हाय. आणि पोराशी कामापुरतंच बोललो, तेवढी आठ-नऊ महिनं. लोकं म्हणाली, आता बास करा वहिनी. का बास करू? ज्येनं केलं त्येला दुसऱ्या दिवशी झोप लागली, मला न्हाय लागली.

यंदाच्या पावसात डिकीत पाणी यायला लागलं. चटई भिजून वास मारत हुती. म्हणलं रबर सुटलं असंल, डिकीच्या कडंचं, ते वढून काढलं. आणि रबराच्या खाली, पावणं, पिवळसर पांढरा. जुना. त्या चोख रंगाऱ्यानं रबर काढायचा कंटाळा केलता, कागद लावून वरनंच फवारा मारलता. आणि डाव्या बाजूला, पट्टा जिथं वळून आत जातो आणि संपतो, तिथं निळा. करंगळीएवढा. ब्रश उचलला तिथं रंगाचा जाड ठिपका ऱ्हायलाय, बोटाला लागतो.

मी तिथंच बसलो ओल्या चटईवर. रडलो का, तर व्हय रडलो, लिहा. पण पयल्यांदा शिव्या घातल्या, मग रडलो.

सागरला दाखवायचा माझा इचार न्हवता. त्योच आला च्या घिऊन, आणि मी बाजूला झालो. त्येनं वाकून बोट लावलं. बराच वेळ लावून हुता. मग म्हणाला, आई, अण्णांना घिऊन येऊ का? चालंल का तुला? मी त्येच्याकडं बघितलं. चालंल का तुला, असं ह्या घरात मला पयल्यांदा कुणीतरी इचारलं. म्हणलं तू न्हाय, मी जातो. पण इचारलंस ते बरं केलंस.

म्हंजे राग गेला का? न्हाय गेला. लिहून ठेवा तसंच, शेवट गोड करू नका. परवा नवमी हाय, हिरव्या रंगाचं डबं येऊन पडल्यात बघा तिकडं, पोरं मशिनं पुसाय लागल्यात. गाडीची किल्ली माझ्या कंबरंला हाय, झोपताना बी असते. गाडीला कुंकू मी लावणार, मीच, आणि ते बी रबराच्या खाली. अण्णांना फोन केलता, येतो म्हणलं न्हाईत, न्हाय बी म्हणलं न्हाईत, बघू अक्का म्हणलं. म्हणून दसऱ्याला मीच चाललोय कबनूरला, सोनं घिऊन, त्याच गाडीनं. दारात लावणार, डिकी उघडणार, त्येंचं बोट धरणार आणि त्या ठिपक्यावर टेकवणार. म्हणणार, अण्णा, एवढंच ऱ्हायलंय, तेवढं तुमचं तुमी बघून घ्या. मग च्या देतील तर देतील, न्हाय दिला तर तशीच परत येतो.